ऊन-वाऱ्याची कमाई

मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत बहुधा पगार, बदली आणि कर्जाचे हप्ते या तीनच विषयांवर बोलणे होते. एके दिवशी मात्र एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप बाजूला सारून मोबाइल आमच्यापुढे धरला. ऊर्जाप्रकल्पांत पैसा गुंतवणाऱ्या एका फंडाची माहिती त्यात होती. सौरऊर्जेचे प्रकल्प, वीजखरेदीचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार आणि दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होणारी रक्कम. "बँक में सूद है, शेअर में सट्टा है. धूप में कायका सूद, सर?" त्यांनी विचारले. आम्ही सगळे हसलो. घंटा झाली, तास सुरू झाले. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तो एकट्या त्यांचा नव्हताच.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांना जुने निवृत्तिवेतन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक त्यासाठीच संपावर गेले होते. २०२४ साली सरकारने नव्या योजनेत सुधारणा जाहीर केल्या, तरी मनातली धास्ती गेलेली नाही. आमचे हे सहकारी उशिरा नोकरीला लागले आणि लवकरच निवृत्त होणार आहेत. रस्ता रुंदीकरणात त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा गेला. त्याच्या मोबदल्याची रक्कम त्यांच्या खात्यात पडून आहे. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये आणि खाल्लेला घास हलालचा असावा, एवढीच त्यांची इच्छा. ही इच्छा चुकीची आहे, असे कोण म्हणेल?

आपल्या समाजात व्याजाविषयी एक विचित्र तडजोड वर्षानुवर्षे चालत आली आहे. पगार बँकेत येतो, बचत बँकेत राहते, घराचे कर्ज बँकेचेच असते. वर्षाअखेरीस खात्यावर पडलेले व्याज मात्र आपण वेगळे काढतो आणि सवाबची नियत न करता एखाद्या गरजूला देतो, नाही तर सार्वजनिक शौचालयाच्या बांधकामाला लावतो. ही सावधगिरी प्रामाणिक आहे. तिची थट्टा आम्हाला करायची नाही. पण अशा माणसाला कोणी "ही उन्हाची कमाई आहे" असे सांगितले की त्याला केवढा दिलासा वाटत असेल! ऊन पाक, वारा पाक, धूर नाही, राख नाही. मग त्यातून येणारा पैसा नापाक कसा असेल?

येथेच थोडे थांबायला हवे. वस्तू स्वच्छ असली म्हणजे तिच्यावरची कमाई स्वच्छ ठरत नाही. द्राक्षे हलाल आहेत, पण तोलताना मापात मारले तर त्या द्राक्षांचा पैसा हलाल राहत नाही. म्हणून आधी हा फंड चालतो कसा, ते समजून घ्यावे लागेल.

भारतात सेबीने २०१४ साली अशा ट्रस्टांसाठी नियम केले. त्यांना 'इन्व्हिट' म्हणतात. रस्ते, वीजवाहिन्या, सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प असे बांधून तयार झालेले, उत्पन्न देणारे प्रकल्प ट्रस्टच्या मालकीत येतात आणि त्या ट्रस्टचे लहान-लहान हिस्से लोकांना विकले जातात. पूर्वी यात शिरायला किमान दहा लाख रुपये लागत. ही मर्यादा आधी एक लाखावर आणि २०२१ साली दहा ते पंधरा हजारांवर आली. म्हणून तर हा विषय शिक्षक-खोलीपर्यंत पोहोचला. वाटपायोग्य रोख रकमेतली किमान नव्वद टक्के रक्कम हिस्सेदारांना वाटलीच पाहिजे, असा नियम आहे. सौर प्रकल्पाचा वीजखरेदी करार साधारण पंचवीस वर्षांचा असतो आणि प्रति युनिट दर बहुधा आधीच ठरलेला असतो. या दोन गोष्टींमुळे उत्पन्न नियमित येते, निदान तशी अपेक्षा असते.

आता पहिला प्रश्न. अल्लाहने सगळ्यांना फुकट दिलेल्या वस्तूवर कमाई करता येते का?

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सर्व माणसे भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस आपण शाळेत मुलांना शिकवतो. यातली 'आग' म्हणजे त्या काळचे इंधन, आजच्या भाषेत ऊर्जा. मग ऊर्जेवर मालकी सांगणाऱ्या फंडाचे काय? फकीहांनी या हदीसचा अर्थ लावताना एक साधा भेद केला. रानातले लाकूड सर्वांचे. पण कोणी ते तोडून, मोळी बांधून बाजारात आणले, तर त्या मोळीचा दाम घेण्याचा त्याला हक्क आहे. नदीचे पाणी सर्वांचे. पखालीत भरून दारी आणलेल्या पाण्याचे पैसे भिश्ती घेऊ शकतो. दाम पाण्याचा नसतो, भिश्तीच्या कष्टाचा असतो. ऊन कोणाचे नाही. पण पटल, तारा, खांब, राखणदार, पटले पुसणारे हात, या सगळ्याला खर्च आणि श्रम लागतात. त्यांचा मोबदला घेणे गैर नाही. एवढ्यापुरते आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे.

मात्र मोळी बांधण्याचा मोबदला आणि रानाला कुंपण घालून ते अडवण्याचा मोबदला यांत फरक आहे. तो कसा, ते आमच्या जिल्ह्यातच पाहायला मिळते. पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचे पठार आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पवनचक्क्यांची रानेच्या राने उभी राहिली. त्या काळी पवनचक्की उभारणाऱ्याला तिची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून प्राप्तिकर वाचवता येत असे. त्यामुळे विजेशी काडीचा संबंध नसलेल्या अनेक धनवंतांनी पवनचक्क्या घेतल्या. चक्की उभी राहिली की त्यांचा हेतू साध्य होई. ती किती फिरते याच्याशी त्यांना विशेष कर्तव्य नसे. पुढे डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आणली, ती याच कारणाने. वारा तोच, चक्की तीच. पण एका व्यवहारात मोबदला चक्की उभारल्याचा होता आणि दुसऱ्यात ती फिरल्याचा. सगळ्या कामांची किंमत नियतीवर ठरते, हे आपण रोज ऐकतो. गुंतवणूकही त्याला अपवाद नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ही कमाई नफा आहे की व्याज?

व्यापार हलाल आणि रिबा हराम, हे सर्वांना माहीत आहे. पण दोघांत फरक कोणता? दोन्हींत पैसा वाढतो. फरक एवढाच की व्यापारी माल बुडण्याचा धोका स्वतःच्या डोक्यावर घेतो, सावकार घेत नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यापुढे एक तंटा आला होता. एकाने गुलाम विकत घेतला, काही काळ त्याच्याकडून काम करून घेतले आणि नंतर दोष आढळला म्हणून तो परत केला. विकणारा म्हणू लागला, मधल्या काळातली कमाई मला द्या. निवाडा झाला तो असा की, ज्याच्यावर जबाबदारी होती, त्याचीच कमाई. त्या काळात गुलाम मेला असता तर नुकसान घेणाऱ्याचेच झाले असते. या निवाड्यातून फिक्हचा एक मोठा नियम निघाला. ज्याच्या खांद्यावर ओझे, त्याच्या हातात फळ. इस्लामी अर्थविचाराचे सार आम्हाला या एका नियमात दिसते.

हा नियम हातात घेऊन आम्ही सहकाऱ्यांबरोबर अशा एका ट्रस्टच्या वाटपाचा तपशील वाचला. वाटप एकाच रकमेने खात्यात येते, पण कागदावर त्याचे भाग पाडलेले असतात. काही भाग व्याज, काही लाभांश, काही भांडवलाची परतफेड. व्याज कुठून आले? ट्रस्ट आपल्याच प्रकल्प-कंपन्यांना कर्ज देतो. कंपन्या विजेच्या पैशातून ट्रस्टला व्याज देतात. तेच हिस्सेदारांकडे येते. कराच्या दृष्टीने ही सोय आहे. 'व्याज' हा शब्द छापलेला पाहून आमचे सहकारी गप्प झाले. "मतलब धूप में भी सूद निकला," ते म्हणाले.

यावर दोन मते होऊ शकतात. एक म्हणेल, स्वतःचाच ट्रस्ट स्वतःच्याच कंपनीला कर्ज देतो, म्हणजे उजव्या खिशातले डाव्या खिशात. कागदावर नाव काहीही असो, मूळ कमाई विजेची आहे. दुसरा म्हणेल, करार ज्या शब्दांत लिहिला त्या शब्दांनी माणूस बांधला जातो. आम्ही मुफ्ती नाही. याचा निवाडा आम्ही देणार नाही. पण बाहेरचे कर्जही असतेच. नियमांप्रमाणे अशा ट्रस्टला मालमत्तेच्या एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत आणि काही अटी पाळल्यास सत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येते. शरीयतनुसार गुंतवणूक तपासणाऱ्या मंडळांनी कर्जाची मर्यादा साधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास ठरवली आहे. वसीयतीच्या हदीसमध्ये एक-तृतीयांशसुद्धा पुष्कळ आहे, असे म्हटले आहे, त्याचा आधार यासाठी घेतला जातो. तेव्हा प्रत्येक ट्रस्टचा ताळेबंद पाहिल्याशिवाय 'उन्हाची कमाई' म्हणून डोळे मिटता येत नाहीत.

तिसरा भाग भांडवलाच्या परतफेडीचा. समजा, शंभर रुपयांच्या हिश्श्यावर वर्षाला बारा रुपये आले आणि त्यांतले पाच परतफेडीचे असले, तर कमाई सातच रुपयांची झाली. पाच रुपये आपलेच होते. सौर पटल दरवर्षी झिजते, करार दरवर्षी एक वर्षाने कमी होतो. बारा रुपये आले म्हणून बाराही खाणारा माणूस बियाण्याची ज्वारी दळून भाकरी करणाऱ्यासारखा आहे. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तेव्हा मूळ राखावे आणि फळ वाटावे, ही रीत घालून दिली गेली. मूळ आणि फळ यांतला फरक आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होता. आपल्याला मात्र खात्यातला एकच आकडा दिसतो.

जोखीम नाही, हा समजही खरा नाही. लंडनच्या शेअरबाजारात २०१३ पासून पवन आणि सौरऊर्जेचे असे फंड आहेत. महागाईबरोबर वाढणारा लाभांश देण्याचे काहींचे उद्दिष्ट होते आणि निवृत्त लोकांनी ते ठेवीसारखे समजून घेतले. २०२२ पासून व्याजदर झपाट्याने चढले, तेव्हा त्यांचे भाव त्यांच्या मालमत्तेच्या मूल्याच्या खाली गेले. आपल्याकडे आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये आधीच झालेल्या वीजखरेदी करारांचे दर कमी करायला घेतले. वाद उच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२२ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. तोवर कित्येकांचे पैसे अडकून पडले. हे ऐकून आमचे सहकारी घाबरले. आम्ही त्यांना म्हटले, सर, घाबरू नका. तुमच्या कमाईला हलाल म्हणण्याजोगे काही असेल तर ते हेच आहे. बुडण्याचा संभव आहे, म्हणूनच नफ्यावर हक्क आहे.

पण खरे सांगायचे तर आपल्याला ही जोखीम नको असते. आपल्याला बिनघोर उत्पन्न हवे असते आणि त्यावर हलालचा शिक्काही हवा असतो. आपल्या खांद्यावर ओझे नाही, तरी फळ मिळते आहे, असे जेव्हा होते तेव्हा ओझे नाहीसे झालेले नसते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेलेले असते. तो कोण, हे विचारणे हा आमच्या मते तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

२२ जानेवारी २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले. वीजप्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन गेली होती आणि मोबदला चार लाखांच्या आसपास मिळाला होता. शेजारच्यांना कितीतरी अधिक मिळाले, माझ्यावर अन्याय झाला, हे सांगत ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. २८ जानेवारीला ते गेले. वीज कोळशाची असो की उन्हाची, ती तयार करायला जमीन लागते. आणि सौर प्रकल्पाला तर फार लागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. ती जमीन नकाशावर पडीक दिसली, तरी तिच्यावर कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात, कोणी तरी जळण गोळा करत असते. हदीसमधला 'चारा' तो हाच.

व्याज शब्दाने अडखळलेले आमचे सहकारी या गोष्टीने मात्र हलले. त्यांच्या स्वतःच्या जमिनीची मोजणी झाली तेव्हा बांधावरची आंब्याची झाडे कागदावर धरलीच नव्हती. त्यासाठी ते दोन वर्षे हेलपाटे घालत होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे सर, माझी जमीन गेली त्याचे पैसे मी दुसऱ्याची जमीन जाण्यावर लावणार." आम्हाला उत्तर सुचले नाही.

येथे आपल्या धार्मिकतेविषयी एक कटू गोष्ट बोलावीशी वाटते. कर्जाचे प्रमाण तेहतीस टक्के आहे की चौतीस, हे आपण मौलानांना आवर्जून विचारतो. पण जमीन कोणाची होती, तिला रास्त भाव मिळाला का, पटले पुसणाऱ्या मजुराला त्याचा घाम वाळण्याआधी मजुरी मिळाली का, हे विचारत नाही. रिबा हराम ठरला तो त्यात एकाची अडचण दुसऱ्याची कमाई होते म्हणून. ती जुलमाची बाजू विसरून आपण केवळ शब्द टाळला, तर व्याज शौचालयाला जाईल आणि जुलूम आपल्या ताटात राहील.

यावर कोणी म्हणेल, मग पैसा काय उशीखाली ठेवायचा? नाही. पडून राहिलेल्या पैशाला दरवर्षी जकात लागते आणि तो घटत जातो. म्हणूनच अनाथांची मालमत्ता व्यापारात लावावी, नाही तर जकातच ती खाऊन टाकील, असे हजरत उमर यांनी सांगितल्याचे आपण वाचतो. शिवाय बँकेत ठेवलेला पैसाही निरागस नसतो. तो कोणाच्या कोळसा-खाणीला जातो, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ऊन-वाऱ्याची वीज जगाला हवीच आहे. प्रश्न तिच्यात पडायचे की नाही हा नसून, कोणत्या वाटेने पडायचे हा आहे.

वाटा निघू शकतात. मलेशियात २०१७ साली साबा राज्यातल्या सौर प्रकल्पासाठी हरित सुकूक काढले गेले. जगातले ते पहिलेच मानले जातात. पुढच्याच वर्षी इंडोनेशिया सरकारने सव्वाशे कोटी डॉलरचे हरित सुकूक काढले. आपल्या देशात व्याजमुक्त बँकेचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये उघड झाले, त्यामुळे ती दारे इतक्यात उघडतील असे दिसत नाही. पण महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची तरतूद आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. जमीन ज्याची त्याचीच राहते. भाडे म्हणजे इजारा. त्यात अडचण नाही. आणि स्वतःच्या छपरावर पटले बसवणे ही तर सर्वांत सरळ वाट. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. कमी झालेले वीजबिल हेही उत्पन्नच, आणि त्यात कोणाचा बांध जात नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी पुढे काय केले, असे वाचक विचारतील. त्यांनी आधी आपल्या घरावर पटले बसवली, तीही कर्ज न काढता. उरलेल्या रकमेतला लहानसा भाग, बुडाला तरी झोप जाणार नाही एवढाच, त्यांनी एका ट्रस्टमध्ये ठेवला. वाटप आले की कागद घेऊन शिक्षक-खोलीत बसतात. व्याजाचा भाग वेगळा, परतफेडीचा वेगळा, कमाईचा वेगळा, असे गणिताच्या वहीत तीन रकाने त्यांनी आखले आहेत. व्याज ते पूर्वीसारखेच देऊन टाकतात. परतफेड मुळात मिळवतात. आणि खातात तेवढी कमाई. ती फारशी नाही. निवृत्तीनंतरचे सगळे प्रश्न तिने सुटणार नाहीत, हे तेही जाणतात.

हेच बरोबर आणि बाकी सारे चूक, असा आमचा दावा नाही. कोणी या हिश्श्यांपासून दूर राहील, तर त्याची सावधगिरी आम्हाला मान्य आहे. आमचे मागणे एवढेच की, हलालचा हिशेब आपल्या ताटापाशी सुरू होऊन तिथेच संपू नये.

गेल्या महिन्यात आम्ही शिक्षक-खोलीत बसून त्या ट्रस्टच्या कार्यालयाला एक पत्र लिहिले. प्रकल्पांखालची जमीन कोणाकडून घेतली, विकत की भाड्याने, आणि मोबदल्याचे किती तंटे अजून बाकी आहेत, एवढे तीन प्रश्न त्यात आहेत. काही हजारांच्या हिस्सेदाराला कोण उत्तर देणार, असे एक जण म्हणाला. त्यावर आमचे सहकारी म्हणाले, हिस्सा लहान असला तरी हिसाब पूर्ण द्यावा लागतो. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. स्मरणपत्राचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे.